सिल्वेस्टरच्या सणाचा कोट

एकतीस डिसेंबरला सकाळी आप्पांचा फोन आला आणि मी 'बोला' म्हणायच्या आत ते गरजले, "कोट न्हाई!"

जालिंदर आप्पा, म्हणजे माझे वडील, फोनवर बोलत नाहीत. ते फोनला रागावतात. एरवी त्यातून काही कळायला वेळ लागतो, पण कोट म्हटल्याबरोबर मला सगळं कळलं. पेटीतला शिलूमामांचा कोट, आणि नेमका आजचा दिवस! मी स्कूटी काढली आणि दौंडहून मांडवगण फराट्याची वाट धरली.

राग आमच्या घराण्यात वडिलोपार्जित आहे. जमीन वाट्याला थोडी आली, राग भरपूर आला. आई म्हणायची, "ह्यांच्या नाकावर माशी बसत न्हाई. बसलीच, तर माशीची चूक." आप्पांचे भाऊ मांडवगणला वांगी आणि शेवंती करत राहिले. आप्पा दौंडला रेल्वेत लागले, आधी गँगमन आणि मग कीमन. म्हणजे खांद्यावर हातोडा टाकून रुळांच्या कडेनं चालायचं आणि रूळ धरून ठेवणारी चावी कुठं सैल झालेली दिसली की ठोकून घट्ट करायची. ह्या कामाला संतापी माणूसच लागतो असं माझं मत आहे. सैल काही दिसलं की त्याला सहनच व्हायला नको. रुळांवर ते ठीक होतं. घरी आल्यावर मात्र आमची वेणी, आमचा अभ्यास, भाजीचा रस्सा, सगळ्यावर एकच हातोडा पडायचा, "ढिलं चालायचं न्हाई!"

अशा माणसाला जन्माचा मित्र मिळाला तो शेजारच्या क्वार्टरमधला मालगाडीचा गार्ड, सिल्वेस्टर. आमचे शिलूमामा. डुलत डुलत चालणारा, कधी न चिडणारा माणूस. एकदा एका कंत्राटदाराच्या मुकादमानं गँगमधल्या एका वयस्कर माणसाला आईवरून शिवी दिली आणि आप्पांनी मुकादमाच्या कानाखाली काढली. चौकशी बसली, नोकरी जायची वेळ आली. पाहणारे पुष्कळ होते, पण विचारल्यावर सगळ्यांना आठवलं की आपण तेव्हा दुसरीकडे बघत होतो. एकटे शिलूमामा उभे राहिले आणि म्हणाले, "मी पाहिलं. शिवी आधी, थप्पड नंतर." आप्पांची नोकरी वाचली. त्या दिवसापासून आप्पा जगावर चिडले, आमच्यावर चिडले, देवावरसुद्धा चिडले, पण शिलूमामांवर नाही.

शिलूमामांचा जन्म एकतीस डिसेंबरचा, म्हणून नाव सिल्वेस्टर. आता एकतीस डिसेंबर म्हणजे दारू आणि मटण एवढंच ज्यांना ठाऊक आहे त्यांनी नीट ऐकावं. हा दिवस एका संताचा आहे. सोळाशे-सतराशे वर्षांपूर्वी रोमला सिल्वेस्टर नावाचे बिशप होते. ख्रिस्ती माणसाला दिसेल तिथं पकडून मारायचे दिवस नुकते संपत होते, तेव्हा त्या माणसानं चर्च सांभाळलं. म्हातारे होऊन वारले आणि डिसेंबरच्या शेवटच्या तारखेला त्यांचा दिवस पाळायला लागले. संताचा दिवस आणि वर्षाचा शेवट एकाच तारखेवर आले. युरोपात कितीतरी ठिकाणी लोक त्या रात्रीला आजही 'सिल्वेस्टर' म्हणतात. हे सगळं मला शिलूमामांनी क्वार्टरच्या पायरीवर बसून सांगितलेलं आहे. वर हसून म्हणायचे, "बघ पोरी, सगळी दुनिया माझ्या सणाला पिते आणि मलाच कोणी बोलवत नाही."

त्यांच्या संतानं म्हणे एका ड्रॅगनचं तोंड बांधून टाकलं होतं. ही गोष्ट आईनं ऐकली आणि लगेच म्हणाली, "मग भाऊ, तुमच्या संताला सांगून आमच्या मालकांचं बी तेवढं बांधून घ्या." शिलूमामा एवढे हसले की आप्पा आतून बाहेर आले. कुणी काही सांगितलं नाही.

त्या दिवशी कॉलनीत म्हातारा करायचे. सरत्या वर्षाचा म्हातारा. शर्ट-पँटमध्ये पेंढा भरायचा, खुर्चीत बसवायचा आणि वर्ष संपताना जाळायचा. पेंढा भरायचा मान शिलूमामांचा. गार्डाचा जाड, निळसर काळा लोकरी कोट घालून ते त्या ढिगात बसायचे आणि घरी यायचे तेव्हा कोटाला नखशिखांत पेंढा चिकटलेला. मामी दारातच अडवायच्या, "पहिला कोट झटक!" म्हाताऱ्याच्या बाबतीत शिलूमामांचे दोनच नियम होते. ज्यानं त्यानं आपल्याच घरचं फाटकं आणायचं, दुसऱ्याचं नाही. आणि म्हाताऱ्याला कुणा जित्या माणसाचं नाव द्यायचं नाही.

काही वर्षांपूर्वी शिलूमामा गेले. मूलबाळ नव्हतं. साखरेनं मामींची नजर तेव्हाच जवळजवळ गेली होती. शेवटच्या आजारपणात शिलूमामांनी आप्पांना कोट दिला आणि सांगितलं, "माझ्या सणाला हा घालून येत जा. तिला चर्चला घेऊन जा. तिला दिसत नाही, पण कोट हाताला कळेल." तेव्हापासून आप्पा निवृत्तीनंतर गावी राहायला गेले तरी दर एकतीस डिसेंबरला दौंडला यायचे. मामी गॅलरीत बसलेल्या असायच्या. बाहीवरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "कोट आला. चला." एवढंच. माणूस आला असं कधी म्हणाल्या नाहीत. मग दोघं कबरीवर मेणबत्ती लावून संध्याकाळच्या प्रार्थनेला जायची. गेल्या वर्षापासून मामींना बरंच काही आठवेनासं झालं होतं. कोट मात्र आठवत होता.

आणि तो कोट नाही.

मांडवगणच्या चौकात मंडप पडला होता. स्पीकरच्या भिंती उभ्या राहिल्या होत्या. गावचे पुढारी सर्जेराव फ्लेक्सवरून दात दाखवत 'नववर्षाच्या हार्दिक शुभेच्छा' देत होते. फ्लेक्सच्या खाली, माझ्याकडे पाठ करून, प्लास्टिकच्या खुर्चीत आप्पा बसलेले दिसले. तोच कोट, डोक्याला पांढरी टोपी, मान जराशी कलती. मला हायसं वाटलं. कोट सापडला म्हणायचा. मी स्कूटी थांबवून हाक मारली, "आप्पा, इथं कशाला बसलाय?"

चौकातली पोरं फिदीफिदी हसली.

मी पुढून पाहिलं. टोपीखाली पांढरं पोतं होतं. त्यावर पेननं चष्मा काढलेला, भुवया वर चढवलेल्या. कोटाच्या बाह्यांतून उसाचं पाचट बाहेर आलेलं. मांडीवर पुठ्ठ्याचा हातोडा. गळ्यात पाटी, 'ढिलं चालायचं न्हाई'. माझ्या जित्याजागत्या बापाचा म्हातारा करून ठेवला होता आणि रात्री त्याला ते काडी लावणार होते. चौकात पोरांचं टोळकं बसलं की आप्पा त्यांना 'ढिलं चालायचं न्हाई' म्हणत झापायचे, त्याचा हा बदला. कारखान्यात कामाला जाणारी ही पोरं. पुण्याकडच्या मित्रांकडून म्हातारा शिकून आली, त्याचे नियम तेवढे तिकडेच ठेवून आली. ह्या घोळक्यात माझा सख्खा भाचा सार्थक होता. मला बघून तो मोबाइलमध्ये शिरला. मला घराण्याला शोभेल असा संताप आला. मी तशीच घरी गेले.

घरी पेटी उपडी करून आप्पा मध्ये बसले होते. मी सांगितलं. वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते काहीच बोलले नाहीत. उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. आप्पा ओरडत नाहीत तेव्हाच त्यांची भीती वाटते.

चौकात ते म्हाताऱ्यासमोर उभे राहिले. स्वतःच्या भुवया बघितल्या, हातोडा बघितला. मग पोरांकडे वळले.

"आज कशाचा दिवस हाय?"

"थर्टी फर्स्ट, आप्पा!" कुणीतरी मागून ओरडलं.

"कुणाचा?"

पोरं एकमेकांकडे बघायला लागली.

"म्हाईत न्हाई. नाचायला म्हाईत हाय. आज एका म्हाताऱ्याचा दिवस हाय. सिल्वेस्टर नाव त्याचं. देवाचा मानूस. त्याच्या दिवसाला तुम्ही डीजे लावताय, लावा. मटान शिजवताय, शिजवा. आन् वर म्हाताराच जाळताय? म्हाताऱ्याच्या पुण्यतिथीला म्हातारा कोण जाळतं रं, येड्यांनो?"

शिलूमामासुद्धा त्याच दिवशी म्हातारा जाळायचे हे मला आठवत होतं. आप्पांनाही आठवत असणार. पण राग आला की आप्पा मुद्द्याच्या मागं लागत नाहीत, मुद्दा त्यांच्या मागून येतो.

गलका ऐकून सर्जेराव मंडपातून बाहेर आले. पांढरेशुभ्र कपडे, तोंडात समजुतीचा सूर. पाडव्याला ह्याच चौकात हेच गृहस्थ 'आपलं नवीन वर्ष हेच, एक जानेवारी परक्यांची' असं तासभर बोलले होते. "आप्पा, पोरं हायती, सोडून द्या," ते म्हणाले. "आन् त्या ख्रिश्चनांच्या म्हाताऱ्याचं आपल्याला काय करायचंय? आपला सण हाय का त्यो?"

"आपला न्हाई, तर मंडप कुणी घातला? फ्लेक्सवर दात काढून कोन हुबं हाय, मी?"

मगाशी मला हसणारी पोरं आता सर्जेरावांना हसली. पोरांना काय, कुणीतरी हसायला मिळालं म्हणजे झालं. सर्जेरावांना अचानक एक फोन आला आणि ते मंडपात गेले. आप्पांनी पुठ्ठ्याचा हातोडा गुडघ्यावर मोडला, पाटी तोडली आणि कोटाची बटणं काढायला लागले. पोरांनी समोरून सुतळीनं टाके घातले होते. आप्पांना गाठी सुटेनात. शेवटी मी दातांनी सुतळी तोडली. बाह्यांतून पाचट भसाभसा खाली पडलं. कोटाचं अस्तर फाटलं होतं, बाकी जाग्यावर होतं. आप्पांनी तो तसाच अंगात घातला.

"पेटीतनं कुणी काढला?" त्यांनी सार्थकला विचारलं.

सार्थकनं मान वर केली नाही. "आईनं दिला. म्हनली, जाळायलाच वापरा."

घरी परतेपर्यंत मी शितल वहिनीसाठी, म्हणजे सार्थकच्या आईसाठी, वाक्यं जुळवत होते, एकाहून एक झोंबणारी. वहिनी पडवीत शेवंतीच्या जुड्या बांधत होती. गोकुळदादा तिच्यासोबत होता, पण आमची तोंडं बघून त्याला मोटर चालू करायची आठवण झाली. हा माझा भाऊ भांडण दिसलं की पिकाला पाणी देतो. त्याचं पीक नेहमी चांगलं येतं.

"वहिनी, दुसऱ्याची वस्तू न विचारता जाळायला देतात?" मी सुरुवात केली.

"विचारलं असतं तर दिली असती का?" ती उठून उभी राहिली. ती मागं हटली नाही. "ताई, तुम्ही वर्षातनं चार बारी येता आन् आल्यावर मला शिकवता. मेलेल्या मानसाचं कापड घरात ठेवत्यात का? आत्याबाई गेल्या तवा त्यांची लुगडी दहाव्याला देऊन टाकली का न्हाई? मग ह्यो कोट का ठेवायचा? आन् त्या मामांना तर अग्नी बी न्हाई मिळाला. मातीत ठेवलं त्यांना. तवापासनं आप्पा झोपंत त्यांच्याशी बोलत्यात. आमच्या दोघांची झोप उडती. मी शेजारच्या रंभाकाकूला इचारलं, तर ती म्हनली, मानसाला न्हाई तर त्याच्या कापडाला तरी अग्नी द्या, मंजी त्यो बी सुटंल आन् तुमचं म्हातारं बी सुटंल. म्या वाईट केलं का? पोरांनी त्यात आप्पांचं सोंग केलं, ते मला म्हाईत नव्हतं. देवाशपथ!"

माझी जुळवलेली वाक्यं फुकट गेली. माणूस दुष्ट असला म्हणजे कसं बरं असतं, दोन शिव्या देऊन मोकळं होता येतं. इथं ह्या बाईनं शिलूमामांचं भलं करायचं म्हणून त्यांचा कोट चितेवर चढवला होता. भलं करणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. ते विचारत नाहीत.

आप्पा दारात उभे होते. कोटाला जागोजागी पाचट लागलेलं. ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या सासूला अग्नी दिला आपन. समदं रीतीनं केलं. सुटली का मला ती?"

वहिनी हातातला दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"शिलूला सुटायचं नव्हतं, शितल. त्याला मातीत थांबायचं व्हतं. ज्याची त्याची रीत हाय." मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज परत आला आणि पडवीतली कोंबडी उडाली, "आन् इचारायचं व्हतं! मी काय मेलो व्हतो? तोंड न्हाई का मला?"

"हाय की," वहिनी म्हणाली. "त्याचीच भीती वाटती."

आप्पा कोंबडीकडे बघायला लागले. वहिनीनं बांधलेल्या जुड्यांतली पांढरी जुडी उचलून माझ्या हातात दिली, कबरीवर ठेवायला. मी घेतली, पण तिच्याकडे बघितलं नाही.

ऊन कलायला लागलं होतं. मी म्हणाले, "आप्पा, कोट झटकून घ्या तरी." त्यांनी ऐकलं नाही. मागच्या सीटवर बसले आणि "चल" म्हणाले. भीमेच्या पुलावर वारा लागला तसं कोटातून पाचट उडायला लागलं. मागून येणारा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून आमच्या उसाच्या गाडीची चौकशी करून गेला. आप्पांनी त्याला हातानंच काय ते सांगितलं. वाटेत ते एकदाच बोलले, "फाटलेलं तुझ्या मामीला कळंल का गं?" आयुष्यभर लोकांना घाबरवलेला हा माणूस आता एका आंधळ्या बाईच्या बोटांना घाबरत होता. मी सांगितलं, "न्हाई कळायचं." मला माहीत होतं, कळणार.

मामी कॉलनीबाहेरच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीसमोर तयार होऊन बसल्या होत्या. केस विंचरलेले, मांडीवर जपमाळ. पावलं वाजली तशी त्यांनी हात पुढं केला. आप्पा वाकले, बाही त्यांच्या हाताखाली दिली आणि डोळे मिटून घेतले. मीही 'कोट आला' ऐकायची वाट बघत राहिले.

मामींचा हात बाहीवरून फिरला आणि थांबला. कोपराजवळ अडकलेलं पाचटाचं एक पान त्यांनी बोटांत धरून ओढलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. मग दुसरं सापडलं. मग पाठीवर, कॉलरमध्ये, खिशात. त्यांच्या कपाळाला आठी पडली. एवढ्या वर्षांत मी मामींना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं. शिलूमामा गेल्यावर तर त्यांचा आवाजच बसला होता.

"आलास परत कचरा घेऊन?" त्या कडाडल्या. "म्हातारा भरायला बसतोस ते कळतं मला, पण घरात येताना कोट झटकायला काय होतं? किती वर्षं सांगते, शिलू? किती वर्षं?"

शेजारची माणसं डोकावली. मामी उठून उभ्या राहिल्या, आप्पांच्या पाठीवर थपाथप हात मारून कोट झटकू लागल्या आणि प्रत्येक थापेबरोबर बोलत राहिल्या. फाटलेलं अस्तर हाताला लागलं तसा त्यांचा आवाज आणखी चढला, "आणि हे फाडून आणलंस! शिवायला मी आहेच!" मी शेवंतीची जुडी छातीशी धरून उभी होते. वहिनी इथं असती तर 'बघा, माझ्यामुळंच झालं की भलं' म्हणाली असती, आणि खोटं म्हणाली नसती. त्या विचारानं मला तिचा पुन्हा नव्यानं राग आला. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पलीकडे चर्चची घंटा वाजायला लागली, तरी मामींचं संपेना. माझे वडील, ज्यांनी मुकादमाचं ऐकून घेतलं नाही, सर्जेरावांचं नाही, माझ्या आईचंही कधी नाही, ते भर रस्त्यात पोरासारखे खाली मान घालून उभे होते.

"व्हय," ते म्हणाले. "चुकलं माझं. फुडच्या वर्षी झटकून येतो."

"दरवर्षी असंच म्हणतोस," मामी म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून चर्चकडे चालू लागल्या.